पट्ट्याला एक पीळ

“मी आता जे सांगणार आहे त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही, आणि नाही बसला तरी माझं काही अडत नाही,” असं म्हणून मी खुर्ची पुढे ओढली. खुर्ची अर्थात माझी स्वतःची. या माळावर ज्याची त्यानं खुर्ची आणायची, ज्याचा त्यानं ग्लास आणायचा आणि मधल्या टेबलावर चीज-बिस्किटांची एक बशी ठेवायची. ऊन पेट्रोलपंपवाल्या रोडहाऊसच्या पाण्याच्या टाकीमागे उतरलं की आसपासच्या घरगाड्यांतून म्हातारे-म्हाताऱ्या घडीच्या खुर्च्या काखोटीला मारून निघतात आणि गोल करून बसतात. नावं विचारावी लागत नाहीत. प्रत्येक गाडीच्या पाठीवर नवरा-बायकोची नावं रंगवलेली असतात आणि खाली रेडिओचा चॅनल, म्हणजे रस्त्यात मागून येणारा कोणीही नावानं हाक मारू शकतो. आमच्या पाठीवर आहे, ‘क्लॅरी आणि नोलीन, चॅनल १८’. त्यातला क्लॅरी मी. नोलीन माझ्या शेजारी बसली होती, आणि आमच्या मागे उभ्या असलेल्या गाडीच्या डाव्या कुशीतून फाटक्या कापडाची एक लांबलचक जीभ लोंबत होती. येणारा प्रत्येक जण आधी त्या जिभेकडे बघे, मग माझ्याकडे, आणि मग काही न बोलता चीजकडे वळे. त्या न बोलण्याचीच मला चीड येत होती. माणसानं विचारावं की! मेलेल्याच्या घरी आल्यासारखं काय बसायचं?

“आज दुपारी, मंडळी, राज्याच्या सीमेच्या अलीकडे आमची गाडी उडाली.”

“किती उंच?” व्हॅलनं विचारलं. व्हॅल एकटीच फिरते, मांडीवर कुत्रा घेऊन.

“उंची विचारलीस, म्हणजे उडाली हे तुला मान्य आहे.”

“मला सगळं मान्य आहे, राजा. फक्त ती बाटली इकडे सरकव.”

सगळे हसले. नोलीन हसली नाही. ती पायाजवळच्या खडीकडे बघत होती. दुपारी रस्त्याच्या कडेला ते फाटलेलं सावलीचं छत दोन्ही हातांनी गोळा करताना ती मला म्हणाली होती, “उद्यापासून पट्टे मी बांधत जाईन, क्लॅरी.” ओरडली असती तर मीही ओरडलो असतो आणि हिशेब मिटला असता. पण ती मऊ आवाजात म्हणाली, आजाऱ्याच्या उशाशी बसून बोलतात तशी. डोळ्यांपायी माझ्या हातून स्टिअरिंग गेलं तेव्हा मी तोंडातून शब्द काढला नव्हता. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी चौकटी आखलेला कागद समोर धरला आणि रेघा सरळ दिसतात का म्हणून विचारलं. मधल्या रेघा मला ओल्या दोरीसारख्या वाकलेल्या दिसल्या. मी तसं सांगितलं आणि घरी येऊन किल्ल्या टेबलावर सरकवल्या. त्या नोलीननं उचलल्या. उजवी सीट तिची झाली, डावी माझी. त्यात अन्याय नव्हता, कोणाचा दोष नव्हता, आणि मी कुरकुर केली नाही. पण गाडीबाहेरचं एक काम माझं राहिलं होतं. मुक्काम हलवताना कापडी छत गुंडाळून घ्यायचं, खटका लावायचा, आणि दोन्ही टोकांच्या दांड्यांना पट्टे बांधून ते असं जखडायचं की रस्त्यावर वाऱ्यानं उघडता कामा नये. तेवढं एक काम. त्या एका कामाच्या जोरावर मी अजून त्या गाडीचा माणूस होतो. ते गेलं की मी सामान. आणि तेच ती माझ्या हातातून काढून घेत होती, तेही मऊ आवाजात. म्हणून मला आज या खुर्च्यांच्या कोर्टापुढे असा एक वारा उभा करायचा होता, की ज्याच्यापुढे साक्षात देवानं बांधलेला पट्टासुद्धा टिकला नसता.

“वारा समुद्रावरून आला,” मी सांगितलं. “डावीकडून. मला तो लांबून दिसला. राखी रंगाचा होता आणि त्याच्या तोंडात एक अख्खी मेंढी होती.”

“मेंढी?” डेस म्हणाला. डेस म्हणजे ज्याच्या गाडीच्या चाकांनासुद्धा उन्हापासून कापडी टोप्या आहेत तो. “या भागात मेंढ्या नाहीत.”

“तेच तर! ती कुठून आणली होती त्यानं? विचार कर, केवढा वारा असेल! आमच्या काचेसमोरून जाताना तिनं माझ्याकडे असं बघितलं, डेस, की मला माझी सासू आठवली.”

हशा झाला. मी पुढे निघालो, तोंड पुढे निघालं, आणि मन मात्र सकाळीच अडकून बसलं होतं. कारण सकाळी वारा नव्हता. पान हलत नव्हतं असं म्हणणार होतो, पण या माळावर हलायला पान कुठलं? नुसती गुडघ्याएवढी खारट झुडपं, आणि तीही चित्रातल्यासारखी गप्प. कापडावर रात्रीचं दव होतं. मी ते कोरडं होईपर्यंत थांबलो, कारण ओलं गुंडाळलं की कुजतं. मग लांब आकडा पट्टीत अडकवून छत सावकाश आत सोडलं. त्याला स्प्रिंगचा जोर असतो, सुटलं तर दात पाडील. कापड गुंडाळलेली नळी ‘टक्’ करून बसली. खटका वर केला, चक्र्या पिळल्या. मग पट्टे. मागचा बांधला, पुढचा बांधला, आणि दोघांनाही एकेक पीळ दिला. हा पीळ मला एका दाढीवाल्यानं शिकवला होता, कुठल्याशा बंदराजवळच्या मुक्कामावर. त्याच्या गाडीच्या टपावर दोन होड्या असत. सपाट बांधलेला पट्टा वाऱ्यात थरथरतो, तो म्हणाला, आणि थरथरता थरथरता बकलातून केसभर केसभर सरकत जातो. एक पीळ दे, वाऱ्याला धरायला सपाटी उरत नाही. तेव्हापासून मी कधी सपाट पट्टा बांधला नाही. नोलीनला हे माहीत असण्याचं कारण नव्हतं. मी बाहेर पट्टे बांधी तेव्हा ती आत कपबशा टॉवेलात गुंडाळत असे. आमच्या दोघांत ती एक भिंत होती, आणि भिंतीमुळेच संसार नीट चालला होता.

पण गाडी चालवणारा निघण्याआधी गाडीभोवती एक फेरी मारतो, आणि आता चालवणारी ती होती. मी माझ्या डाव्या सीटवर जाऊन बसलो होतो. मला सरळ समोर बघितलं की मधोमध एक धुरकट डाग दिसतो, कडेनं बघितलं की सगळं लख्ख. त्यामुळे हल्ली मी जगाकडे तिरकाच बघतो, आणि लोकांना वाटतं की थेरडा लबाड आहे. तसाच तिरका आरशात बघत होतो. नोलीन आली. पुढच्या पट्ट्यापाशी थांबली. मान कलती करून तिनं पट्ट्याकडे बघितलं, मग काचेतून माझ्या डोक्याकडे बघितलं. तिला वाटलं मी समोर बघतोय. आणि दोन बोटांनी तिनं बकल सैल केलं, पीळ काढला, पट्टा तळहातानं सपाट केला, जशी लहान मुलाची कॉलर सरळ करावी तशी, आणि पुन्हा लावला. पुढचाच. मागच्याकडे तिचं लक्ष गेलं नाही. मग ती येऊन शेजारी बसली, सीटचा पट्टा लावला आणि म्हणाली, “झालं तुझं?”

“झालं तुझं!” मला त्या दोन शब्दांची अशी काही तिडीक आली की कानशिलं तापली. म्हणजे मी जे केलं ते तिनं पुसलं, आणि वर मलाच विचारत होती, झालं का. आणि पुसलं तरी का? तर तिला वाटलं, याला वाकडं-सरळ कळत नाही. ती चौकटींच्या कागदावरची माझी ओली दोरी तिच्या डोळ्यांसमोर असणार. अगं, पीळ माझ्या डोळ्यांत नव्हता, पट्ट्यात होता! दोन्ही हातांनी, जाणूनबुजून दिलेला होता! एवढं म्हणायला किती श्वास लागतो? पण मी म्हटलं, “झालं,” आणि दारावर आतून दोन थापा मारल्या, ही आमची निघायची खूण. ही खूण मी आयुष्यभर देत आलो. मेलबर्नच्या ट्राममध्ये मी कंडक्टर होतो. डोक्यावरून जाणारी दोरी दोनदा ओढायची, पुढे घंटी दोनदा वाजायची, आणि ड्रायव्हर निघायचा. त्यानं कधी मान वळवून बघितलं नाही, की पायरीवर कोणाचा पाय आहे, कोणा बाईचा स्कर्ट दारात अडकलाय का. क्लॅरीची घंटी झाली म्हणजे झाली. पावसात, गर्दीत, फुटबॉलच्या सामन्यानंतर दारूनं झिंगलेल्यांच्या लोंढ्यात, त्या दोन टोल्यांवर सबंध ट्राम विश्वास टाकून निघे. मग एक दिवस त्यांनी कंडक्टर काढून टाकले आणि आमच्या जागी तिकिटाचं यंत्र बसवलं. मी थांब्यावर उभा राहून बघत होतो, माझ्याशिवाय ट्राम निघते का ते. निघाली. लाज नाही, शरम नाही, घंटी नाही, तशीच निघाली. तो संताप माझ्यात कुठेतरी घडी घालून ठेवलेला होता, आणि आज सकाळी नोलीननं दोन बोटांनी त्याची घडी मोडली.

“आणि मग सीमा आली,” माझं तोंड सांगत होतं. “तुम्हाला माहीतच आहे, तिथं तपासणीवाला उभा असतो, फळं-भाज्या पलीकडे नेऊ देत नाही. आम्ही त्याच्या टोपीवरून, हे एवढ्या अंतरावरून गेलो. तर बिचारा खालून ओरडतोय, ‘टोमॅटो आहेत का? मध आहे का?’ मी खिडकीतून सांगितलं, ‘आहेत बाबा, पण आता खाली उतरता येत नाही!’”

व्हॅल इतकी हसली की कुत्र्यानं मांडी बदलली. “आणि छत?”

“छत म्हणजे शीड झालं होतं, बाई. मी खिडकीतून अर्धा बाहेर, दांडी धरून. डावीकडे ओढलं की डावीकडे, उजवीकडे ओढलं की उजवीकडे. डिझेलचा एक थेंब लागला नाही.”

खरं म्हणजे तेव्हा मी खिडकीची काच वर करून, हाताची घडी घालून बसलो होतो. सपाट पट्टा गुणगुणायला लागला तेव्हा आम्ही नुकताच वेग घेतला होता. आधी बारीक, दाढेत ठणका लागावा तसा. मग जाड, मधमाश्यांच्या पोळ्यासारखा. नोलीन म्हणाली, “कसला रे आवाज?” मी म्हटलं, “रस्त्याचा.” ती म्हणाली, “नवीन आहे.” मी म्हटलं, “रस्ता बदलला.” या माळावर रस्ता बदलत नाही. सुतानं आखल्यासारखा जातो, आणि मला तर तो मधोमध वाकलेला दिसतो. मी तो आवाज ऐकत राहिलो आणि, काय सांगू, मला त्यात सुख वाटत होतं. ऐक, म्हणत होतो मनात, ऐक, कोण बरोबर होतं ते पट्टाच तुला सांगतोय. गाडी बाजूला घे, उतर, बघ, आणि माझ्याकडे येऊन विचार. विचारायची वाट बघत मी बसलो होतो. आणि प्रत्येक मैलागणिक पट्टा बकलातून केसभर सरकत असणार हे मला माहीत होतं, आणि तरी मी बसलो होतो. हे कसलं माणूसपण? पण रागाला आत बसायला फार ऐसपैस जागा असते. त्यातून उठवत नाही. मग समोरून तीन डब्यांचा ट्रक आला, त्याच्या हवेचा तडाखा बसला, आणि माझ्या कानाशी काहीतरी फाडदिशी उघडलं. सावली. गाडीभर सावली आली, दुपारच्या मधोमध. दांडी टपावर आपटली. रेडिओवर तो ट्रकवाला ओरडत होता, आमच्या पाठीवरचं नाव आरशात उलटं वाचून की काय कोण जाणे, “क्लॅरी आजोबा! ओ क्लॅरी आजोबा! तुमचं घर उघडलंय!” सबंध महामार्गानं ते ऐकलं असणार. आणि नोलीननं ब्रेक करकचून न दाबता, चाक एवढंसुद्धा न झटकता, गाडी अशी अलगद खडीवर उतरवली की मागच्या कपाटात कप वाजला नाही. मी असतो तर आम्ही उलटलो असतो. तेही मी तिला सांगितलं नाही.

“एक सांग,” डेसनं ग्लास टेबलावर ठेवला. तो हसत नव्हता. त्याला गाड्यांबद्दल विनोद चालत नाहीत. “उडालात ते राहू दे. चालवत कोण होतं?”

“नोलीन.”

“अस्सं,” डेस म्हणाला.

ते ‘अस्सं’ त्यानं असं लांबवलं की गोलातल्या दोघा-तिघांनी माना हलवल्या. “मोठी गाडी आहे, नोलीनताई. वाईट वाटून घेऊ नका. समोरून ट्रक आला की वेग उतरवायचा असतो, थोडं डावीकडे व्हायचं असतं. बायका काय करतात, घाबरतात आणि चाक घट्ट धरून तशाच जातात. मग हवा छताखाली शिरते. आमची ही पण तशीच. मी तिला देतच नाही चालवायला.”

“वेग कमीच होता माझा,” नोलीन म्हणाली. तिचा आवाज मला ओळखू आला नाही.

“वाटतो कमी. वाटतो.”

“मी म्हणते, परत जायचं का आपण?” ती माझ्याकडे वळून हळूच म्हणाली. “त्यांचं बरोबर असेल. मला नाही झेपत ही.”

माझ्या अंगाची आग झाली. दुपारी माझं काम काढून घेणारी ही, आणि आता या चाकांना टोप्या घालणाऱ्या माणसाच्या एका ‘अस्सं’वर स्वतःचं काम टाकून द्यायला निघाली! किल्ल्या पुन्हा टेबलावर येणार होत्या, आणि या खेपेला उचलायला कोणी नव्हतं. “ए डेस,” मी म्हटलं, “तू होतास तिथं? तिनं गाडी उतरवली तशी तुला तुझी ढकलगाडी नाही उतरवता येणार. तिच्या चालवण्याचा काही एक संबंध नाही! तो पट्टा सकाळी निघाल्यापासून गात होता! ट्रक यायच्या कितीतरी आधीपासून! भजन म्हणत होता नुसता!”

“गात होता?” डेस म्हणाला.

मी जीभ चावली. पण शब्द गेला होता.

“गुणगुणत होता? असा, मधमाश्यांसारखा?” डेस खुर्चीत पुढे सरकला. आता त्याला खरंच रस आला होता. “मग मिटलं. सपाट बांधला होता. सपाट पट्टा गातो आणि सरकतो. त्याला एक पीळ द्यायचा असतो, म्हणजे वारा धरत नाही. हे माहीत नसतं पुष्कळांना. पीळ दिलेला बघितला की लोकांना वाटतं चुकून पडलाय, आणि सरळ करतात.” त्यानं दोन बोटांनी हवेत पीळ घालून दाखवला.

नोलीनची मान वर झाली. मी तिच्याकडे सरळ बघितलं तर तिथं नुसता डाग होता. म्हणून नजर बाजूच्या बाटलीवर ठेवली, तेव्हा ती लख्ख दिसली. तिचं तोंड किंचित उघडं होतं आणि उजव्या हाताची दोन बोटं तिनं डाव्या मुठीत धरली होती, चटका बसल्यासारखी.

“मग?” डेस म्हणाला. “बांधला कोणी?”

एवढं सोपं होतं. सकाळपासून मी ज्याची वाट बघत होतो ते माझ्यापुढे चीजच्या बशीसारखं ठेवलं होतं, आणि ठेवणारा हा सगळं जाणणारा डेस, म्हणजे त्यावर अपीलसुद्धा नाही. दोन शब्द म्हणायचे होते. पट्टे परत माझे. आणि तिनं माझ्या डोक्याकडे टाकलेल्या त्या नजरेची भरपाई. पण ते दोन शब्द उद्या सकाळी आमच्या आधी निघणाऱ्या प्रत्येक गाडीबरोबर जाणार होते, चॅनल अठरावरून पुढे पुढे जाणार होते. नोलीन म्हणून एक बाई आहे, चालवते, आणि नवऱ्यानं नीट बांधलेलं सोडते. आणि आज ज्या हातांनी गाडी खडीवर अलगद उतरली ते हात उद्या किल्ल्यांना शिवणार नव्हते. मला भयंकर राग आला. कोणाचा ते नीट सांगता येणार नाही. डेसचा होता, ट्रामवाल्यांचा होता, त्या चौकटींच्या कागदाचा होता, आणि आयुष्यभर एवढ्या थापा मारून ऐन वेळी कामाला येईल अशी एकही धड थाप जवळ नसल्याचा होता. शेवटी होती ती मारली.

“मी,” मी म्हटलं. “मीच बांधला. सपाट. पीळबीळ मला नाही माहीत, बाबा. आणि आता दिसतही नाही मला धड. माझ्याच हातानं झालं सगळं.”

मेंढीवर डेस सोडून कोणी हरकत घेतली नव्हती. सीमेवरून उडालो ते सगळ्यांनी गिळलं होतं. यावरही माना हलल्या, समजूतदारपणे, आणि व्हॅलनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

“खोटं!” नोलीन म्हणाली, इतक्या मोठ्यानं की कुत्रा मांडीवरून खाली पडला. ती खुर्चीतून उठली होती. “साफ खोटं बोलतोय हा! यानं पीळ दिला होता. मी काढला.”